पत्त्यावर कोण बसतं

सरांच्या इनबॉक्समध्ये न वाचलेली अठरा हजारांवर पत्रं होती. ती महिनाभरात शून्यावर आणायची, हे माझं काम. पहिल्याच दिवशी आईला हे समजावून सांगायला गेले, तेव्हा ती अंगणात खाटेवर तुरीच्या डाळीला ऊन देत होती.

"दिवसभर त्या डब्यापुढं बसून काय करून राह्यली वं?"

"पुण्याच्या एका सरांची पत्रं लावून राह्यली."

"काऊन? त्याले हात नाहीत?"

"हात आहेत वं माय, वेळ नाही."

"अन् तुले हाय." तिने डाळीतला खडा काढून कोंबडीच्या दिशेने भिरकावला. "मंग ती पत्रं त्याचीच राह्यली, का तुयी झाली?"

मी हसले. उत्तर तेव्हा सोपं वाटलं होतं.

या कामाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. नाव मोठं आहे. अर्थ एवढाच की ज्याला मदत लागते तो एका गावी आणि मदत करणारी दुसऱ्या गावी. सर पुण्यात, मी वरवट बकालमध्ये. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीशी मोबाइलची रेंज नीट यायची, म्हणून लॅपटॉप तिथे, आणि खिडकी सोडून बाकीच्या तिन्ही भिंतींना बाबांची पत्रकं. पिवळी, गुलाबी, पोपटी; जुन्या लुगड्याच्या काठांनी बांधलेले गठ्ठे. ज्या पोरांच्या घरी पुस्तकं असतात ती पुस्तकांवर वाढतात. मी पत्रकांवर वाढले. जोडाक्षर मला पहिल्यांदा 'त्वरित' या शब्दात भेटलं. पाचवीत असताना ताप आला म्हणून रजेचा अर्ज लिहिला, त्याच्या शेवटी मी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असं लिहिलं होतं. बाईंनी तो अर्ज वर्गात वाचून दाखवला. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते घरी येईपर्यंत कळलं नाही, आणि घरी बाबांनाही कळलं नाही.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, चहा केला तर दूध फाटायचं. त्या पाण्यावर पत्रक. वसतिगृहाच्या गळक्या छपरावर पत्रक. स्मशानाच्या वाटेवर पत्रक. शेगावहून छापून आणायचे, शाई पुरती वाळायच्या आत वाटायचे. तालुक्याला निवेदन द्यायला जाताना दोन प्रती नेत. एक साहेबांच्या टेबलावर, दुसरीवर शिक्का आणि सही घ्यायची. ती पोच. पोच मिळाल्याशिवाय बाबा संग्रामपूरच्या त्या कचेरीची पायरी उतरत नसत. बाबू म्हणायचा, ठेवून घेतलं ना, जा आता. बाबा म्हणायचे, "ठेवून घेतलं हे तुमाले माहीत. मले कसं माहीत?" आणि उकिडवे बसून राहायचे.

सरांचं काम मला महिनाभराच्या बोलीवर मिळालं होतं. पेटी रिकामी झाली की पुढे कायम. नाही झाली, तर पुण्याच्या मावशीने माझ्या गादीपुरती जागा काढून ठेवलीच होती आणि तिच्या ओळखीच्या कॉल सेंटरमध्ये शब्दही टाकला होता. पुण्यात मी शिकायला राहून आले होते. तोंडातून 'मले' निघालं की बाकावर हशा पिकायचा. नंतर नंतर मी वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचे आणि मग बोलायचे. त्याने माणूस दमतो. मला गावात राहायचं होतं, लिहायचं होतं, स्वतःची पत्रकं काढायची होती. ते या एका पेटीवर अवलंबून होतं.

सर कोण, तर समाजावर बोलणारे. त्यांची व्याख्यानं मोबाइलवर फिरतात. कॉलेजात असताना मी ती रांगेने ऐकली होती, वादविवाद स्पर्धेत त्यांची वाक्यं माझी म्हणून ठोकली होती. प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी सर कॅमेऱ्याकडे थोडं झुकून म्हणायचे, "मला लिहा. मी प्रत्येक पत्र वाचतो." खाली ईमेलचा पत्ता यायचा. त्या पत्त्याची किल्ली आता माझ्याकडे होती, याचा मला पहिले दोन दिवस अभिमान वाटला.

किल्ली म्हणजे पासवर्ड. तो दिला तरी ओटीपी सरांच्या फोनवर जायचा, सर सभेत असायचे, आणि मी सकाळभर दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी त्या चौकोनाकडे बघत बसायचे. ओटीपी आला की इकडे वीज गेलेली असायची. असं जुळत जुळत काम सुरू झालं.

पसारा आवरायची माझी पद्धत आईची आहे. घर आवरताना ती आधी जे आपलं नाहीच ते बाहेर काढते: शेजारणीचं पातेलं, कुणाची विसरलेली छत्री. मी आधी जाहिराती काढल्या. कपड्यांच्या, विम्याच्या, परदेशी सहलींच्या. एकेक पुसत बसले असते तर म्हातारी झाले असते. त्या पाठवणाऱ्यांच्या यादीतून सरांचं नाव कमी केलं आणि त्या जातीचं जे जे पडलं होतं ते एकदम उचललं. अर्धी पेटी तिथेच हलकी झाली. मग बँकेची आणि विजेच्या बिलाची पत्रं आपोआप त्यांच्या त्यांच्या कप्प्यात जातील असा नियम लावला. व्याख्यानाची बोलावणी वेगळी काढली, तारखा सरांच्या कॅलेंडरवर टाकल्या, दोन कॉलेजांनी एकाच दिवशी मागितलेले सर एकालाच दिले. रोज सकाळी सरांना व्हॉट्सअॅपवर चार-पाच ओळी पाठवायच्या: आज कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही. सर अंगठा पाठवायचे.

पहिल्या आठवड्यात सर खूश होते. "पोरी, तू जादू केलीस," असा आवाजी निरोप आला. तो मी आईला ऐकवला. ती म्हणाली, "झाडलं ना फक्त. आता पुसणं राह्यलं."

आणि खरंच, झाडून झाल्यावर तळाशी जे चिकटून राहिलं त्याला कुठल्याच कप्प्याचं नाव बसेना. मी नवं लेबल केलं, 'माणसं'. हजारांनी होती.

त्या व्याख्यानांच्या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवून लोकांनी लिहिलं होतं. कुणी फोनवर टाइप करून, कुणी वहीचं पान लिहून त्याचा फोटो काढून. एका नर्सने ड्यूटीवरून लिहिलेलं, मध्येच तुटलेलं, मग चार दिवसांनी 'तर मी काय सांगत होते' असं पुढे सुरू केलेलं. एकाने घर सोडून जावं का विचारलं होतं. कुणी नुसतंच लिहिलं होतं की आज तुमचं ऐकत भाकरी केली, बरं वाटलं. या पत्रांनी मी थकले नाही. थकले ते दुसऱ्या पत्रांनी. त्याच माणसांची दुसरी पत्रं. 'मागे एक पत्र लिहिलं होतं, आपण कामात असाल.' 'आपल्या तब्येतीची काळजी घ्या, उत्तराची घाई नाही.' सर उत्तर देत नव्हते आणि सरांच्या वतीने कारण हेच लोक शोधून देत होते.

त्यात सोनाळ्याचा एक माणूस होता. सोनाळा आमच्याच तालुक्यातलं, सकाळी काळी-पिवळी जीपने जाऊन दुपारी परत येण्याइतकं जवळ. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तो फोनमध्ये बोलून पत्र लिहायचा, त्यामुळे त्यात ना स्वल्पविराम ना पूर्णविराम: 'सर नमस्कार मी सोनाळ्याचा दुकानाच्या बाजूची खोली घेतली पुस्तकं जमवली गावातल्या पोरांसाठी वाचनालय आपल्या हातून उद्घाटन व्हावं ही इच्छा येणं जमत नसेल तर एक वाक्य पाठवा ते वाचून दाखवू.' दुसऱ्या पत्रात तारीख पुढे ढकलली होती. तिसऱ्यात अजून पुढे. 'पोरं विचारतात कधी उघडता मी म्हणतो सरांचं वाक्य येऊ द्या.' म्हणजे तिकडे एक खोली पुस्तकांसकट बंद होती आणि तिची किल्ली माझ्या पेटीत होती.

मी सरांना फोन लावला.

"सर, 'माणसं' आहेत त्यांचं काय करू?"

"कसली माणसं?"

"पत्रं. तुम्हाला लिहिलेली."

"अर्काइव्ह कर ना. पुसू नकोस, वाईट दिसतं. नुसती आत सरकव."

"सर, पण तुम्ही म्हणता की प्रत्येक पत्र वाचतो."

पलीकडे चमचा कपाला लागल्याचा आवाज आला. "हे बघ, तू हुशार आहेस. एक छानसं उत्तर तयार कर. 'आपलं पत्र वाचलं, मनापासून आभार.' आणि सगळ्यांना लावून टाक."

"पण वाचलेलं नाही."

"त्यांना बरं वाटेल."

"सर, जनतेला बरं वाटावं म्हणून तिला अंधारात ठेवणं हा जनतेचा अपमान आहे."

सर हसले. दुष्टपणे नाही. "तू पत्रकासारखी बोलतेस गं. घरी पण असंच बोलतात का?"

घरी असंच बोलत. त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. आता त्यांना कमी दिसतं, पण आवाज सभेतलाच आहे.

"पत्रकाच्या खाली पत्ता छापला, की त्या पत्त्यावर बसा लागते. लोक येनार. वेळी-अवेळी येनार. बसायचं नसन तं छापू नये."

"तेच मी सरांना म्हटलं."

"बराबर म्हनलं."

आई तव्यावरून बोलली, पाठ आमच्याकडेच. "तुमी कधी बसले?"

"काय?"

"पत्त्यावर. तुमी कधी बसले जी? तुमी सभेत, तुमी जिनवर, तुमी शेगावले छापाले. घरी येनारा मानूस कोनापाशी बसे?"

बाबांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मला एकदम सगळं दिसलं, कारण मी ते रोज बघतच मोठी झाले होते. ओट्यावर माणूस. आई हात पुसत बाहेर येते. पाण्याचा तांब्या ठेवते. तो कागद पुढे करतो. ती घेते, सातवी शिकलेली बाई, ओठ हलवत पूर्ण वाचते. रेशनचं असलं तर हिरव्या काठाने बांधायचं, दवाखान्याचं असलं तर लाल काठाने. आणि प्रत्येकाला तेच सांगायची. मी तिला विचारलं, "माय, तू लोकांना काय सांगत होती वं?"

"काय सांगू? ते घरी नाहीत. मी वाचलं. काही होईन का नाही ते मले सांगता येत नाही."

"लोकांना राग नाही यायचा?"

"यायचा ना. एक जन तं तांब्या लाथाडून गेला. पन दुसऱ्या दिवशी त्याचा हेलपाटा वाचला का नाही?" तिने भाकरी उलटली. "अन् कधी कधी हे आत झोपेल राहत. तवाबी सांगे, नाहीत म्हनून."

"हे तू आता सांगून राह्यली?" बाबा म्हणाले.

"तवा झोप मोडली असती तुमची."

दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. माझं त्यात काहीच नव्हतं. 'नमस्कार. आपलं पत्र मिळालं. सरांनी ते वाचलेलं नाही. त्यांची पत्रं मी लावते. आपलं पत्र मी वाचलं. त्यावर काही होईल की नाही, हे मला सांगता येत नाही. सरांची सहाय्यक.'

'मी वाचलं' असं लिहायचं तर वाचणं आलं. इथे उरलेला महिना गेला. सकाळी बोलावणी, तारखा, अंगठे. मग जेवणापर्यंत आणि जेवणानंतर उजेड असेतो माणसं. वाचायचं, पोच पाठवायची, आत सरकवायचं. दिवसाला ठरावीक पत्रांच्या पुढे ईमेलवाले पाठवू देत नाहीत, त्यांना वाटतं कुणीतरी लोकांना त्रास देतंय. मग थांबायचं. उन्हाळा लागला होता. कूलरमध्ये पाणी घालायला उठायचं, त्याच पाण्याने डोळे धुवायचे, पुन्हा बसायचं. वाचून वाचून शब्दांचा अर्थ जायचा. 'कृपया' हा शब्द इतक्यांदा समोर आला की तो एखाद्या किड्यासारखा दिसायला लागला. मला पूर्वी वाटायचं, अन्यायाविरुद्ध लिहिताना माणूस पेटलेला असतो. बाबांना मी पेटलेलं पाहिलं होतं. आईला कधी पेटलेलं पाहिलं नव्हतं, आणि तिने किती वाचलं असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. पेटून पत्रक लिहिता येतं. आलेलं वाचायला फक्त बसावं लागतं, आणि त्याने पाठ मोडते.

महिना संपायला आला तेव्हा न वाचलेल्यांच्या जागी शून्य दिसलं. सकाळी दिसलं. दुपारपर्यंत पेटी पुन्हा भरली, कारण लोक पोचेला उत्तर देत होते.

कुणी भांडलं: 'तुम्ही कोण आमची पत्रं वाचणाऱ्या? मी सरांना लिहिलं होतं.' ते बरोबरच होतं. कुणी लिहिलं, 'निदान कळवलंत.' नर्सने लिहिलं, 'हरकत नाही, तुम्ही वाचलंत ना, मग पुढचं सांगते,' आणि पुढचं सांगितलं. ही पत्रं कुणाची झाली, हा आईचा पहिल्या दिवशीचा प्रश्न मला तेव्हा नीट ऐकू आला. सोनाळ्याहून आलं: 'तुम्ही कोण माहीत नाही पण वाचलं म्हणता मग तुम्हीच या.'

आणि एकाने माझ्या उत्तराचा फोटो काढून सरांच्या व्याख्यानाखाली लावला. वर लिहिलं, 'प्रत्येक पत्र वाचतो म्हणे.' त्याखाली लोकांची रांग लागली.

सरांचा फोन आला तेव्हा मी तयार होते. लहानपणापासून मी अशा फोनची वाक्यं पाठ करत आले होते.

"काय पाठवलंस तू लोकांना?"

"पोच."

"मी तुला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. सभ्य वाक्य सांगितलं होतं."

"सर, तुम्ही वाचली नव्हती."

मला वाटलं आता आवाज चढेल, मग मलाही चढवता येईल. तो चढलाच नाही.

"नाही वाचली," सर म्हणाले. "पहिली दोन वर्षं वाचायचो. सगळी. उत्तरंही लिहायचो. मग एका बाईचं पत्र आलं, मुलगा गेला होता तिचा. मी लिहायला बसलो आणि लक्षात आलं, माझ्याकडे व्याख्यान आहे, तिला लिहायला वाक्य नाही. त्या दिवसापासून उघडायची भीती वाटायला लागली. आणि ते शेवटचं वाक्य तोंडात बसलं होतं, ते निघतच राहिलं."

माझी पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली. मी म्हणाले, "मग ते काढा ना सर."

"काढतोय. पत्ताही काढतोय. जुन्या सगळ्या व्हिडिओंखालचा सुद्धा. मग तुला काम उरत नाही गं. चार बोलावणी काय, मीच बघेन. तुझ्यावर रागावून नाही सांगत हे."

"माहीत आहे सर."

"काम चांगलं केलंस. पेटी पहिल्यांदा स्वच्छ पाहिली मी."

मागणी मान्य झाली होती. मागणी मान्य झाल्यावर काय करतात? बाबा गुलाल आणायचे. मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि तिथेच गठ्ठ्यांना टेकून बसले.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पत्ता काढला? मंग ते पत्रक नाही राह्यलं. जाहिरात झाली ते."

"तुमीबी काढला होता एक साल," आई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून तो बराच वेळ सदऱ्याने पुसला. "थकलो होतो," ते म्हणाले.

"मी बी थकली होती. पन मले कोनी इचारलंच नाही, छापू का नको म्हनून."

मावशीला फोन झाला. कॉल सेंटरवाल्यांनी सोमवारी यायला सांगितलं होतं. मला सरांचा राग यायला हवा होता, नीट येत नव्हता. बाबांचाही येत नव्हता. तरी एक सांगते, ते उत्तर मी पुन्हा लिहायची वेळ आली तर तसंच लिहीन. थकलेला माणूस खोटं बोलतो हे मला कळलं. ते माफ करायला कारण म्हणून चालेल. चालू ठेवायला चालणार नाही.

जाण्याआधी एक काम राहिलं होतं. शनिवारी मी सोनाळ्याला निघाले. आई म्हणाली, "थांब, मी येतो," आणि लुगडं बदलून आली.

काळी-पिवळीतून उतरल्यावर दुकान लगेच दिसलं. दारात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधणारा माणूस बाबांपेक्षा थोडा लहान असेल. शेजारच्या खोलीला कुलूप, दाराला आडवी लाल फीत. फितीवर धूळ. वर फ्लेक्स: सरांचा फोटो आणि तारखेच्या जागी कागदाची पट्टी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

मी सांगितलं, पत्र वाचणारी ती मीच. त्याने हात पुसले, आईला स्टूल दिलं, मला विचारलं, "सर नाही येत ना?"

"नाही."

"वाक्यबी नाही?"

"नाही हो काका. त्यांनी पत्र उघडलंच नव्हतं."

तो जुन्या टायरवर बसला. "मले वाटे, कामात असतीन." मग स्वतःशीच मान हलवली. "पोरं म्हनत होते, काका, सरांच्या फोटोपुढंच उघडून टाका. मी म्हनो, नाही बे, मोठ्या मानसाचं वाक्य पाह्यजे. वाक्यानं वजन येते."

मी काहीतरी बोलणार होते. जनतेचं वाचनालय जनतेच्या हातून, असलं काहीतरी. ते तयारच होतं. आईने त्याआधी विचारलं, "भाऊ, अठी रोज कोन बसन?"

"कुठी?"

"खोलीत. पोरं आले तं."

"मीच. दुकान बाजूलेच आहे ना. अठून दिसते."

"रोज?"

"रोज. जातो कुठी?"

"मंग अडलं कायले?" आई उठली. त्याने कुलूप काढलं. मी कात्री शोधत होते, तोवर तिने फितीची गाठ नखांनी सोडवलीसुद्धा. फीत झटकली, चार बोटांवर गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "ठेवा. गठ्ठे बांधाले कामी येते."

आत पुस्तकांवर पातळ धूळ होती. चाळिशीचा चष्मा नाकावर सरकवून तो एकेक दाखवत होता; आई प्रत्येक हातात घेऊन, ओठ हलवून नाव वाचत होती. मी दारातच बसले. पुण्याला जायची बॅग अजून भरायची होती.

निघताना त्याने फोन काढला. "बाई, तुमाले लिहायचं झालं तं? ते सरांचं तं बंद झालं म्हनता."

मी माझा ईमेल सांगणार होते. पण सोमवारपासून मी दिवसभर फोन कानाला लावून दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणार होते. तिथे माझी पेटी कोण उघडणार, हे मला खरं सांगता आलं नसतं.

आई म्हणाली, "वरवट बकालले पाठवजा. कागदावर लिहून. बौद्ध विहाराच्या मांगचं घर म्हनजा, कोनीबी सांगन."

"अन् वाचन कोन?"

"मी आहो ना घरी," आई म्हणाली. "मी वाचीन. काही होईन का नाही, ते मले सांगता येत नाही."